षष्ठीचा मेसेज

माझ्या मशीनला मी कधी हात लावलेला नाही. ते आहे कुठे हेही मला नीट सांगता येत नाही. मुंबईच्या बाजूला कुठल्याशा थंडगार इमारतीत एक भलादांडगा कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्या पोटातला एक छोटा तुकडा मला भाड्याने दिलेला आहे. त्याला क्लाउडवरचं मशीन म्हणतात. मी उज्जैनला नानाखेड्यात घरी बसून हुकूम सोडतो आणि ते तिकडे ऐकतं. त्याची एक सोय मला फार आवडायची. काम वाढलं म्हणून नवीन मशीन आणावं लागत नाही. आहे तेच बंद करायचं, यादीतून मोठा आकार निवडायचा आणि पुन्हा सुरू करायचं. पाच मिनिटांत तेच मशीन दुप्पट ताकदीचं होऊन उठतं. शिंप्याने शर्ट पाच मिनिटं मागून घ्यावा आणि दोन नंबर मोठा करून परत द्यावा, असं मी लोकांना समजावून सांगायचो. समजावून सांगण्याची मला खोडच आहे.

पोटापाण्यासाठी मी देवास गेटच्या आसपासच्या हॉटेलांच्या वेबसाइटी सांभाळतो. पण या मशीनवर पैशाचं काम नव्हतं. त्यावर मी तिथीची सेवा चालवत होतो, आणि खरं सांगायचं तर सेवा कमी आणि मिरवणं जास्त होतं. आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ. काही संस्थानाच्या काळापासूनची, काही बँक-रेल्वेच्या बदलीने आलेली आणि इथेच मुरलेली. कुणाच्या वडिलांचं श्राद्ध कोणत्या तिथीला, याची यादी आमच्या गुरुजींच्या जुन्या डायरीत होती. ती मी मशीनमध्ये भरली. पितृपक्षात ज्या घरची तिथी असेल, त्या घरी आदल्या संध्याकाळी सात वाजता मेसेज जायचा. ‘नमस्कार. उद्या षष्ठी. आपल्याकडचे श्राद्ध.’ बस, एवढाच. तारीख मी मुद्दाम घातली नव्हती. तारीख घातली की मेसेज बँकेचा वाटतो, ‘उद्या’ म्हटलं की घरच्या माणसाने दारातून आठवण केल्यासारखं वाटतं, असं माझं म्हणणं होतं. या बारकाव्याबद्दल मी स्वतःवरच खूश होतो.

माझी ही सेवा ज्यांनी पहिल्यांदा वापरली, त्या आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू. त्यांचे यजमान आणि माझे वडील एकाच बँकेत होते. काका गेल्यापासून काकू घरात एकट्या. मुलगा पुण्याला. तो आणि मी एकाच शाळेत, एकाच सायकलवर जायचो. आई, आता तू इकडे ये, हे त्याचं दर फोनला चाललेलं असायचं आणि काकूंचं उत्तर ठरलेलं. ज्या दिवशी मला माझं ध्यानात राहणार नाही, त्या दिवशी तू मला घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. मायलेकांचा हा करारच होता, आणि आम्हा शेजाऱ्यांना तो पाठ होता. काकू गॅस, दूध, विजेचं बिल, औषधं, सगळं वेळच्या वेळी करायच्या. काकांचं श्राद्ध तर एकदाही चुकलं नव्हतं. विधी गुरुजी स्वतःच्या घरी करायचे, पण स्वयंपाक काकूंचाच. गायीचा घास, गच्चीवर कावळ्याचं पान, गुरुजींचा शिधा, सगळं त्यांच्या हातचं.

डोळे मात्र दगा देत होते. कॅलेंडरवरची तिथीची बारीक अक्षरं त्या भिंग लावून वाचायच्या. ते पाहून मीच त्यांना म्हणालो होतो की काकू, आता कॅलेंडरच्या नादी लागू नका, मेसेज मी मोठ्या अक्षरात पाठवीन. त्यांच्या फोनची अक्षरं मी मोठी करून दिली. कॅलेंडर त्यांनी खिळ्यावरून काढून ठेवलं. माझ्या भरवशावर.

त्या वर्षी पितृपक्षात माझी यादी फुगली. सिद्धवटावर श्राद्धाला येणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींना गुरुजींनी माझा पत्ता दिला होता. रोज नवी घरं जोडली जात होती आणि माझं चिमुकलं मशीन धापा टाकायला लागलं होतं. मेसेज अडकायचे, अर्धे उशिरा निघायचे. म्हणून पंचमीच्या दुपारी, जेवण झाल्यावर, मी ते मोठं करायचं ठरवलं. बंद केलं, दुप्पट आकार निवडला, सुरू केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्क्रीनवरचा दिवा हिरवा झाला, सगळं जागच्या जागी होतं. मी खूश होऊन संध्याकाळी फ्रीगंजात मित्रांबरोबर चाट खायला गेलो आणि सातच्या सुमाराला, जेव्हा मेसेज निघायला हवे होते, तेव्हा मी त्यांना शर्टाची आणि शिंप्याची गोष्ट सांगत होतो.

मशीन बंद करून सुरू केलं की काय होतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच लाज वाटते. ही मशीनं जगाच्या प्रमाणवेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वर्षभरापूर्वी ते घेतलं तेव्हा मी त्याचं घड्याळ आपल्या वेळेवर आणलं होतं, पण घाईघाईत, चालू असेपर्यंतच टिकेल असं. कायमचं करायला आणखी दोन ओळी लिहायच्या होत्या. लिहू उद्या, लिहू उद्या, म्हणत वर्ष गेलं. मशीन मध्ये कधी बंद पडलं नाही, म्हणून माझा आळस उघडा पडला नाही. ज्या गावात पूर्वीच्या ज्योतिष्यांनी अख्ख्या देशाची वेळ मोजली आणि जिथे अजून वेधशाळा उभी आहे, त्या गावात राहून मी आपली वेळ लावायला विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर, संध्याकाळी सातचा मेसेज रात्री साडेबाराला निघाला. मशीनच्या हिशेबाने तेव्हा सातच वाजले होते आणि पंचमीच होती, म्हणून त्याने इमानदारीने लिहिलं, उद्या षष्ठी. माणसं झोपलेली. सकाळी उठून ज्यांनी तो वाचला, त्यांच्या दारात षष्ठी येऊन उभी होती आणि मेसेज सांगत होता, उद्या.

मला हे कळलं सकाळी दहाला. एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. ते हसत म्हणाले की काय हो, तुमचा मेसेज मध्यरात्री येतो आणि चुकीचा येतो, बरं की आमच्या घरी पंचांग आहे. मी हसलो, फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं. घड्याळ नीट केलं. त्या दोन ओळीही लिहिल्या, एक वर्ष उशिरा.

आता इथे थांबून मला नीट लिहायला हवं. श्राद्धाचा स्वयंपाक दुपारचा असतो. दहाच वाजले होते. षष्ठीची घरं सगळी मिळून वीसेक होती. ‘क्षमा असावी, चूक झाली, षष्ठी आजच आहे’, एवढा एक मेसेज पाठवला असता तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. मी तो लिहिलासुद्धा. आणि मग पाठवला नाही. मशीन मोठं केल्याचं कालच चार लोकांना सांगितलं होतं. गुरुजींनी बाहेरगावच्या लोकांना माझं नाव दिलं होतं. क्षमा मागितली की सगळ्यांना कळणार, न मागितली तर एकट्या त्या गृहस्थांनाच. बाकीच्या घरी पंचांग असेलच, गुरुजी येणारच असतील, असं मी मनाशी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकूंचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवायला मीच लावलंय, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सप्तमीला, दुपारी बाराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. जरा येऊन जा म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं. मी चप्पल घालेपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं.

घरात खिरीचा वास होता. ओट्यावर वडे, कढी, गवारीची भाजी, भोपळा, सगळं झाकून ठेवलेलं. पान वाढलेलं होतं, पण गच्चीवर गेलं नव्हतं. शिधा कधी न्यायला येता हे विचारायला काकूंनी गुरुजींना फोन केला होता आणि गुरुजी म्हणाले होते की षष्ठी तर काल होऊन गेली, तुमचा विधी यंदा करायचा नाही का, म्हणून मीही तुमच्या फोनची वाट पाहत होतो. सर्वपित्रीला करू, त्यात काही दोष नाही, असंही ते म्हणाले होते. पण काकूंना दोषाची भीती नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे हात मांडीवर उगाच पडलेले होते. मी त्यांना असं रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “बघ बेटा, हा कधी आला होता. मला ते वरचे बारीक आकडे दिसत नाहीत. मी तर काल सकाळी वाचला आणि समजले की उद्या आहे. पण तू तर संध्याकाळी पाठवतोस ना. मग मी परवा संध्याकाळीच वाचला होता का? वाचून विसरून गेले का मी?”

मी पाहिलं. मोठ्या अक्षरात माझा मेसेज, आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक करड्या आकड्यांत, रात्री बारा एकतीस.

मी म्हणालो, “सातलाच आलाय काकू. परवा संध्याकाळी.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. काकूंनी नुसती मान हलवली. त्यांनी वाद घातला असता, एकदा परत बघ म्हणाल्या असत्या, तर कदाचित मी बदललो असतो. पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि स्वतःवर त्या क्षणापासून नव्हता. आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. तुमचा फोन फार भरलाय काकू, जरा साफ करून देतो, असं म्हणून मी तो मेसेज काढून टाकला. त्यांच्या समोर, त्यांच्याच फोनवरून, त्यांचा उपकारकर्ता म्हणून.

मग मी त्यांच्याकडे जेवलो. एवढं केलेलं वाया जाईल, तू तर बस, असं त्या म्हणाल्या, आणि मला नाही म्हणायला काही कारण सुचेना. खीर गोड होती. मी दोन वाट्या खाल्ल्या.

काकूंनी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता; करार म्हणजे करार. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. आईचं काय चाललंय, तुला काही जाणवलं का, मेसेज नक्की वेळेवर गेला होता ना. मी म्हणालो, गेला होता. थोडं थांबून मी असंही म्हणालो की वय झालंय रे आता त्यांचं. हे मला कुणी विचारलं नव्हतं. खोट्याला टेकू लागतो, तो मी आपणहून दिला.

त्यानंतर काकू बदलल्या. गॅस बंद केला का बघायला त्या तीन तीनदा उठायच्या. औषधाची गोळी घेतली की नाही हे आठवेना, म्हणून कागदावर खुणा करायला लागल्या आणि मग खूण केली का तेच आठवेना. भाजीवाल्याला पैसे देताना त्या माझ्या बायकोला हाक मारून मोजायला सांगायच्या. आधी यातलं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सर्वपित्रीला त्यांनी काकांचं सगळं नीट केलं, पण गुरुजींना चार वेळा विचारून, आज अमावास्याच आहे ना, नक्की ना. दसऱ्यानंतर न्यायला येतो असं मुलाने सांगितलं. त्यांनी ठीक आहे म्हटलं. कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत.

माझ्याकडे तीन आठवडे होते. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू. त्यांच्या फाटकापर्यंत जायचो, कुंड्यांत पाणी घालणाऱ्या काकू म्हणायच्या, ये ना, आणि मी काहीतरी किरकोळ विचारून परतायचो. माझ्या बायकोलाही मी सांगितलं नाही. तिच्या मते मी काकूंसाठी फार करतो.

शेवटी सामान बांधायच्या दिवशी सांगितलं. मुलगा पुढच्या खोलीत टेम्पोवाल्याशी बोलत होता. काकू आत, रिकाम्या कपाटासमोर, साड्यांची बोचकी बांधत होत्या. मी दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगितलं, मशीन, घड्याळ, साडेबारा, न पाठवलेली क्षमा, काढून टाकलेला मेसेज. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील, आणि ते बरंच होईल.

काकू पलंगावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

मी हो म्हणालो.

“मी वाचून विसरले नव्हते?”

“नाही काकू. तुम्ही काही विसरला नव्हता.”

त्यांना राग यायला हवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी माझा हातसुद्धा धरला. तेव्हा मला ज्या प्रकारची शरम वाटली, तशी आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. माणसाचं मन चोरून घ्यायचं, आणि तीन आठवड्यांनी परत केल्यावर त्याने आपलेच आभार मानायचे.

“हे त्याला सांग,” काकू म्हणाल्या. “मी सांगितलं तर म्हणेल, आई जायच्या वेळी बहाणे करून राहिली. तू सांग. तुझं तो ऐकतो.”

मी त्याला बाहेर फाटकापाशी नेलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता. अगदी शांतपणे, मधेमधे मान हलवत. माझं संपल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“यार, तू तिचं मन राखायला बोलतोय, समजतंय मला. तिनेच सांगायला लावलं असेल. पण आता तिला उगाच आशा नको लावू.”

मी म्हणालो की खरं आहे, अगदी असंच झालं. तो म्हणाला, “मी तिचा फोन बघितला. त्यात तो मेसेजच नाही. तिने काढून टाकला आणि तिला ते आठवतसुद्धा नाही.” तो मी काढला, असं मी म्हणालो. तो हसला, थकलेल्या माणसासारखा. म्हणाला, तुझ्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं. आणि मग त्याने सांगितलं की घर भाड्याने दिलंय, पहिल्या तारखेपासून माणसं येतील, जरा लक्ष ठेव.

माझा लॅपटॉप एका गल्लीच्या अंतरावर घरी होता. मशीनमध्ये त्या रात्रीची नोंद असते, कुठला मेसेज किती वाजता निघाला, ओळीओळीने. पाच मिनिटांत आणून दाखवता आली असती. टेम्पोवाला घाई करत होता. दोरी बांधायला कुणीतरी हवं होतं. मी दोरी बांधली.

काकू गाडीत मागच्या सीटवर बसल्या. मुलगा दारांना कुलपं लावत होता. त्यांनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

“सांगितलंस त्याला?”

“हो काकू.”

“मग? काय म्हणाला?”

तो कुलूप ओढून पाहत होता. एकदा, दोनदा.

“पटलं त्याला,” मी म्हणालो.

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि परत लावला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या पूर्वीसारख्या नीट, ताठ बसल्या. “बघ, मी म्हटलं होतं ना, तुझं तो ऐकतो. चला, मग आता काही चिंता नाही. महिनाभर राहीन, त्याचंही मन राहील. तुळशीच्या लग्नाला मी परत इथंच आहे. तोवर माझ्या कुंड्यांना पाणी घाल.”

मी हो म्हणालो.